दोन खिडक्या, एक खुर्ची

एकोणीसशे सदुसष्ट साल. सूतगिरणीचा भोंगा बंद पडून दोन वर्षं झाली होती. तरी माणसं सवयीनं भोंग्याच्या वेळेला जागी होत आणि उठून करायचं काय, म्हणून तशीच पडून राहत.

त्या साली सरकारनं एकदम दोन गोष्टी द्यायचं ठरवलं. ज्या घरात कमावतं कुणी उरलं नाही त्या घराला दरमहा मदत, आणि ज्यांचे हातपाय धड आहेत त्यांना काम. गिरणीच्या जुन्या पगारखोलीत कार्यालय थाटलं. भिंतीला दोन खिडक्या पाडल्या, एकीवर ‘मदत’ रंगवलं, दुसरीवर ‘काम’. कारकून मात्र एकच. या खिडकीवर रांग वाढली की खुर्ची सरकवून इकडे बसे, त्या खिडकीवर कुणी टकटक केली की सरकवून तिकडे. खुर्चीच्या पायांचे फरशीवर पांढरे ओरखडे उमटले होते. त्याचं बोलणं इतकं मऊ, की नकार घेऊन निघालेला माणूससुद्धा दारापर्यंत खुशीत जाई. लोक त्याला गोडबोल्या म्हणत.

एकाच कुटुंबातल्या दोघी जावा एकाच सकाळी त्या दोन खिडक्यांवर उभ्या राहिल्या.

थोरलीच्या नवऱ्यानं वीस वर्षं कापूस पिंजायच्या खात्यात काढली होती. त्या तुसानं त्याची छाती भरली होती. जिना चढताना तो दोनदा बसे, आणि पुन्हा उठवायला माणूस लागे. ते माणूस म्हणजे थोरली, त्यामुळे तिलाही घर सोडता येत नव्हतं. तिनं मदतीचा अर्ज केला. धाकटीचा नवरा काम शोधायला लांबच्या शहरात गेला होता. त्याची पत्रं येत, आणि प्रत्येक पत्रात पुढच्या पत्राचं आश्वासन असे. घरं दोन, खोल्या शेजारशेजारच्या, मधलं दार सदा उघडं. धाकटीनं कामाचा अर्ज केला.

तिला काम मिळालं, आणि तेही त्याच कार्यालयात. मदतीचे अर्ज तारखेप्रमाणे लावायचे आणि पन्नास-पन्नासचे गठ्ठे दोऱ्यानं बांधायचे. पैसा पहिल्या तीनशे घरांपुरताच आला होता, म्हणून हुकूम कडक होता: एकदा बांधलेला गठ्ठा मोठ्या साहेबांसमोरच उघडायचा. थोरलीचा अर्ज पहिल्याच गठ्ठ्यात होता, एकेचाळिसावा. धाकटीनं तो स्वतःच्या हातानं लावला होता.

खालच्या मजल्यावर गिरणीचा जुना मुकादम राहत असे. धाकटी सोळा वर्षांची असताना त्यानंच तिला धागा जोडायला शिकवलं होतं. तो जिन्याच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवी.

“तू बरं केलंस,” तो धाकटीला म्हणाला. “काम मागितलंस. तुझ्या जावेनं मात्र हात पसरला.”

थोरली वरून पाण्याची बादली घेऊन उतरत होती. “मुकादम, काम करायला छाती लागते. आमच्या घरातली तुमच्या खात्यात जमा आहे. परत देता का?”

मुकादम हळूच म्हणाला, “मी फक्त म्हटलं, की फुकटानं माणूस बिघडतो.”

“पायरीवर बसून बसूनही बिघडतो. पाय घ्या बाजूला.”

साहेब शनिवारी यायचे होते. गुरुवारी धाकटी फडताळ पुसत होती. पहिल्या गठ्ठ्यावरून फडकं फिरवताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. ती थांबली.

गिरणीतल्या बायकांची एक गाठ असते. तुटलेला धागा अशा गाठीनं जोडायचा, की ती मागाच्या फणीतून न अडकता निघून जावी. गाठ चपटी, राईच्या दाण्याएवढी, शेपट्या मुळापासून कापलेल्या. डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळते. सुटत तर नाहीच, कापावी लागते. धाकटी दिवसाला अशा शेकडो गाठी मारत आली होती. कार्यालयाचे गठ्ठेही तिनं तशाच गाठीनं बांधले होते. ‘अशीच बांध’ म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, हातांना दुसरी येतच नव्हती.

या गठ्ठ्यावरची गाठ जाडजूड होती, बुटाच्या नाडीला मारतात तशी.

आधी तिला वाटलं, आपणच कुठल्या तंद्रीत बांधली असेल. मग तिनं कागदांच्या कडा अंगठ्यानं उलटल्या. एकेचाळिसाव्या जागी एका ठेकेदाराच्या मेव्हण्याचा अर्ज होता. दुमजली घर, खाली दुकान. थोरलीचा अर्ज अगदी शेवटच्या गठ्ठ्यात सापडला, तळाशी.

“काय चाचपतेस?” गोडबोल्या मागे उभा होता.

“धूळ.”

“धूळ पुसावी, उकरू नये.” तो हसला. “अगं हो, तुझं काम कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे. शनिवारी साहेबांची सही घेऊन टाकू. ताईसारखी आहेस तू मला.”

संध्याकाळी तिनं थोरलीला सगळं सांगितलं. थोरली भांडी घासत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

“तू बोलणार नाहीस,” ती म्हणाली.

“तुमचा नंबर होता, जाऊबाई. भावोजींच्या औषधाचा नंबर होता तो.”

“होता. आता तुझं काम आहे. मदत काय, एका सहीनं येते, एका सहीनं जाते. हातातलं काम तरी आपलं असतं.”

“तेही त्याच्याच हातात आहे. खिडक्या दोन असल्या म्हणून काय झालं? खुर्ची तीच सरकते.”

“मग सरकू दे. तुझ्या पगारात मी दोघांचं भागवीन, पण तुझ्या पोटावर पाय देऊन मला औषध नको.”

आतल्या खोलीतून थोरलीच्या नवऱ्याचा आवाज आला. “माझं मत विचारू नका. बोललो की खोकला येतो.” आणि खरंच आला. बराच वेळ तो थांबला नाही. दोघी आत धावल्या. त्याला धरून बसवताना धाकटीच्या हाताला त्याची पाठ लागली. हाडं मोजावीत अशी पाठ. तिनं मनात काय ठरवलं ते थोरलीला सांगितलं नाही.

शनिवारी साहेब आले. कमी बोलणारे, डोकं दुखत असल्यासारखे. गठ्ठे टेबलावर मांडले गेले.

“मध्ये कुणी उघडले नाहीत ना?”

“छे, साहेब,” गोडबोल्या म्हणाला. “बांधले तसेच आहेत.”

साहेबांनी कात्री उचलली आणि सहज विचारलं, “बांधणारी तूच ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं तरी खोटं झालं नसतं. टेबलाच्या कोपऱ्यावर तिच्या कामाचा कागद सहीसाठी दाबून ठेवलेला तिला दिसत होता.

“बांधले मीच, साहेब. पण ही गाठ माझी नाही.”

“गाठीवर काय नाव लिहिलेलं असतं?” गोडबोल्या गोड हसला.

धाकटीनं रिळाचा दोरा तोडला आणि साहेबांकडे बघत, हाताकडे न बघता, गाठ मारली. शेपट्या दातांनी तोडल्या. “ओढून बघा,” ती म्हणाली. साहेबांनी ओढली. मग तो दोरा बोटांत फिरवत राहिले, गाठ कुठे आहे ते शोधत. शेवटी त्यांनी रीळ गोडबोल्यापुढे सरकवलं.

“तुम्ही मारा एक.”

त्यानं मारली. बुटाच्या नाडीची.

साहेबांनी कात्री खाली ठेवली आणि एकेक गठ्ठा बोटानं चाचपत गेले. अकरांपैकी सात गठ्ठ्यांवर तिची गाठ नव्हती. जाताना तो गाठीचा दोरा साहेबांनी खिशात टाकला. कोपऱ्यावरचा कागद मात्र सहीवाचून तिथंच राहिला.

यादी नव्यानं झाली. थोरलीचं नाव एकेचाळिसावं लागलं. महिनाअखेर धाकटीला सांगण्यात आलं, की तिची जागा तात्पुरती होती, ती संपली. मुकादम पायरीवरून म्हणाला, “काम घालवून मदत घरात आणलीस. उलटा व्यवहार.” ती नुसतीच वर गेली. पुढची दीड वर्षं, धाकटीला पुन्हा काम मिळेपर्यंत, दोन्ही खोल्या त्या मदतीवर चालल्या. जेमतेम चालल्या, पण चालल्या. थोरली रोज पहिलं ताट तिच्यापुढे ठेवी आणि कधी काही बोलून दाखवीत नसे. बोलली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं.

गोडबोल्याची बदली झाली. नव्या ठिकाणी त्याला तीन खिडक्या मिळाल्या असं लोक म्हणत. खरंखोटं कळलं नाही. साहेबांचंही पुढे काही कळलं नाही.

थोरलीचा नवरा चार वर्षं जगला आणि स्वतःच्या अंथरुणात, औषध उशाशी असताना गेला. त्याच महिन्यात थोरली कार्यालयात गेली आणि आपलं नाव काढून टाका म्हणाली. नवा कारकून म्हणाला, “बाई, असं कुणी करत नाही. याला फॉर्मच नाही.” तोवर मुकादमानं चार माग घेऊन टॉवेल विणायचा कारखाना काढला होता आणि धाकटीला सगळ्यांच्या आधी बोलावलं होतं. थोरलीही तिथं जाऊ लागली. सात वर्षं चालला तो कारखाना. दोघींचे ते दिवस सगळ्यात बरे गेले.

धाकटीचा नवरा परत आला तो रिकाम्या हातानं. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

कारखाना बुडाला तेव्हा मुकादम म्हातारा झाला होता. एक दिवस धाकटीनं त्याला मदतीच्या खिडकीपुढच्या रांगेत पाहिलं. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि त्याचा अर्ज लिहू लागली. तो तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, “तिथं आजारी लिही हं. आळशी लिहू नकोस.”

थोरली जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. धाकटीला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण घरातली पिशवी, पुडी, गाठोडं अजून तीच बांधते. सुना कुरकुरतात. तिनं बांधलेलं काही उघडायचं म्हणजे दर वेळी कात्री शोधावी लागते.