बासष्टावा किलोमीटर

गॅविननं सीटखालची पिशवी तिसऱ्यांदा गवतावर उपडी केली. टायर काढायच्या दोन पट्ट्या, मिठाच्या गोळ्यांची डबी, चिकटपट्टीचा तुकडा, मागच्या वर्षीचं एक रिकामं पाकीट. ट्यूब नव्हती. ती घरी गॅरेजमधल्या फळीवर होती, रंगाच्या डब्याच्या उजवीकडे. आता इथे, शर्यत सुरू व्हायला पन्नास मिनिटं उरलेली असताना, ती त्याला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होती.

तळ्यावरून गार वारा येत होता. सायकलींच्या रांगांमधून तीनशे माणसं काळ्या रबरी पोशाखात अर्धी शिरलेली, अर्धी बाहेर, अशी वाकून वाकून काहीबाही हुडकत होती.

"काय हरवलं?" शेजारच्या सायकलीमागून डेसनं विचारलं.

"ट्यूब."

"ट्यूब हरवत नसते. माणूस विसरत असतो. लग्नाला जाताना अंगठी विसरलेला तूच ना?"

"हे जोसीनं सांगितलं वाटतं."

"बायको तुझी. तिनं अख्ख्या गावाला सांगितलंय."

डेस कॅटरमोल अडुसष्ट वर्षांचा होता, गॅविनपेक्षा बावीस वर्षांनी मोठा. आयुष्यभर खाटीकखान्यात काम करून निवृत्त झालेला, हात फावड्यासारखे. डाव्या खुब्याचं हाड झिजून गेलं होतं. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यानंतर धावायचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. ही शर्यत त्यानं नऊ वेळा पुरी केली होती. दहा वेळा पुरी करणाऱ्याचं नाव रग्बी क्लबच्या हॉलमधल्या लाकडी फळ्यावर कोरलं जाई. फळ्यावर आजवर चार नावं होती. डेसची बायको मेरिल म्हणायची, "त्यातले दोघे वर गेलेत. तुला कसली एवढी घाई?"

डेसनं आपली पिशवी उघडली. आत दोन ट्यूब होत्या. त्यातली एक त्यानं गॅविनच्या अंगावर फेकली.

"अरे, पण तुला?"

"मला एक पुरे. नऊ वर्षांत एकदाच पंक्चर झालीय माझी."

या मैदानात दुसऱ्या कुणाची ट्यूब गॅविनच्या उपयोगाची नव्हती. त्या दोघांच्या सायकलींची चाकं हल्लीच्या चाकांपेक्षा लहान होती. पंचवीस वर्षांपूर्वी तशी टूम निघाली होती. तेव्हा डेसनं एक स्वतःला आणि एक भावाला अशा दोन सायकली घेतल्या होत्या. भावाची पुढे गॅविननं विकत घेतली. त्या मापाच्या ट्यूब दुकानात मिळत नसत. डेस त्या कुठूनतरी ऑकलंडकडून पोस्टानं मागवायचा.

"नंतर देतो परत," गॅविन म्हणाला.

"परत कशाला देतोस? पाच तासांच्या आत ये म्हणजे झालं."

पाच तास. एक हजार नऊशे मीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल, एकवीस किलोमीटर धाव, सगळं मिळून पाच तासांच्या आत. आठ वर्षांपूर्वी दुधाचा टँकर चालवून पोट सुटलेल्या गॅविनला पाण्यात डोकंही घालता येत नव्हतं. डेसनं त्याला गावच्या तलावात शिकवलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पावणेसहाला तो काठावर झाडूचा दांडा घेऊन उभा राही आणि गॅविनचं डोकं वर आलं की दांड्यानं टोची. गेल्या चार शर्यतींत गॅविनला अनुक्रमे पाच तास एकवीस, पाच तास नऊ, पाच तास चार आणि पाच तास दोन मिनिटं लागली होती. यंदा जोसीनं शांतपणे सांगितलं होतं, "या वेळी झालं तर झालं. नाही झालं तरी पुढच्या वर्षी रविवारी तू माझ्याबरोबर नाश्त्याला बसायचं. तू अंडं कसं खातोस तेसुद्धा विसरलेय मी." ती चिडली असती तर त्यानं वाद घातला असता. ती चिडली नव्हती.

साठीच्या पुढच्यांना वीस मिनिटं आधी सोडलं. डेस पाण्यात शिरताना लंगडत होता. पाण्यात शिरल्यावर मात्र कुणाला कळलंही नसतं.

गॅविनचं पोहणं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं झालं. सायकलवर बसला तेव्हा छत्तीस मिनिटांच्या घरात पोहून आल्याचा त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता. रस्ता धरणापर्यंत जाऊन परत यायचा. माळरान, दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं, कुंपणांपलीकडे मेंढ्या. डांबरात खडी इतकी जाड बसवलेली की मनगटं बधिर होत. वारा जाताना पाठीवर आणि येताना छातीवर होता. जाताना त्याला डेस समोरून परत येताना दिसला, पिवळं जाकीट, कासवासारखी वाकलेली पाठ. दोघांनी एकमेकांकडे बघून नुसत्या माना हलवल्या.

परतीच्या वाटेवर, बासष्टाव्या किलोमीटरला, तेच पिवळं जाकीट रस्त्याच्या कडेला उभं दिसलं.

लांबूनच दिसलं. रस्ता सरळ होता, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला. पुढे कितीतरी वेळा गॅविनला वाटलं, एखादं वळण असतं आणि डेस एकदम समोर आला असता तर आपण आपसूक थांबलो असतो. डेसनं मागचं चाक काढून हातात धरलं होतं. जवळची ट्यूब केव्हाच वापरून झाली असणार. ही दुसरी खेप. त्यानं मोकळा हात वर केला. तो हात हलवत नव्हता. आपण इथे आहोत एवढंच दाखवायला माणूस करतो तसा त्यानं तो वर धरला होता.

गॅविननं घड्याळाकडे पाहिलं. हिशेब रात्रंदिवस पाठ केलेला होता. धावण्यात काही बिघडलं नाही तर हातात एक मिनिट, फार तर सव्वा. थांबायचं, उतरायचं, पिशवी उघडायची, ट्यूब द्यायची, पुन्हा वाऱ्यात वेग धरायचा, यात दीड मिनिट सहज गेलं असतं. शिवाय पुढचे अठ्ठावीस किलोमीटर असल्या खडीवरून ट्यूबशिवाय जायचं. दुरुस्तीवाल्यांची गाडी दोन किलोमीटर मागे पाण्याच्या टेबलाशी उभी असलेली त्यानं पाहिली होती.

"मागं गाडी आहे!" तो ओरडला.

ते खरं होतं. त्या गाडीत या मापाची ट्यूब नसणार, हेही खरं होतं आणि तेही त्याला माहीत होतं.

डेसचं तोंड उघडलेलं दिसलं. तो काय म्हणाला ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

पासष्टाव्या किलोमीटरला गॅविनच्या मनात आलं, अजून मागे फिरता येईल. सत्तराव्याला आलं, आता फिरून काय उपयोग, गाडी पोचली असेल. त्यानंतर त्यानं मनात काही येऊच दिलं नाही, नुसते पाय मारले. शेवटचे वीस किलोमीटर त्यानं सायकल इतक्या जोरात कधीच चालवली नव्हती.

धावताना उन्हं चढली होती. तळ्याकाठच्या वाटेवर लोक नावं घेऊन ओरडत होते, कुणी गॅस गेलेल्या कोलाचे पेले पुढे करत होतं. ही वाट जाऊन परत यायची, त्यामुळे मागचे सगळे समोरून येत. प्रत्येक चेहऱ्याकडे गॅविन बघत होता. सत्तरीचा एक जाड माणूस आला, एक गर्भार बाई हसत हसत चालत आली, तिनं त्याला टाळी दिली. डेस धावताना घालायचा ती पिवळी टोपी आली नाही.

घड्याळ चार तास अठ्ठावन्न मिनिटं आणि सत्तेचाळीस सेकंदांवर थांबलं.

जोसी कठडा ओलांडून धावत आली आणि त्याच्या घामेजल्या गळ्यात पडली. ती रडत होती. तिला इतक्या मनापासून रडताना त्यानं धाकट्या मुलीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

"झालं रे," ती म्हणत होती. "झालं एकदाचं." मग तिनं डोळे पुसले आणि इकडेतिकडे पाहिलं. "डेस कुठंय?"

डेस हॉलमध्ये होता. बाकावर पाय लांब करून, पावात गुंडाळलेलं सॉसेज खात. गाडीनं त्याला सव्वा तासानं उचलून आणलं होतं. भोवती चारपाच जण होते आणि त्यात शर्यतीची पुकारणी करणारा कॉलिन होता, ज्याला कुठलीही गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय चैन पडत नसे.

"अरे, पण तुम्हा दोघांची चाकं सारखी ना?" कॉलिन म्हणाला. "गॅविन तुझ्या मागूनच होता. तो नाही दिसला?"

गॅविन दारातून चार पावलं आत आला होता. त्यानं ते ऐकलं. डेसनं त्याला पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि ओठाला लागलेला कांदा अंगठ्यानं पुसला.

"हा? हा गेला असेल सुसाट. मी नेमका तेव्हा झाडामागं उभा होतो. अडुसष्टाव्या वर्षी बोलावणं आलं की जावंच लागतं."

सगळे हसले. डेस बोलू लागला की लोक आधी हसत आणि मग विचार करत. मेरिल चहाच्या टेबलापाशी कप पुसत होती, तिनं तेवढी मान वर केली. धरणाच्या रस्त्यावर बारा किलोमीटरांत एक झाड नाही. तिनं गॅविनकडे एकदाच पाहिलं आणि दुसरा कप हातात घेतला.

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. गॅविन हसला. सगळे हसत होते, तसाच तोही हसला आणि कॉलिननं त्याच्या पाठीवर थाप मारून त्याची वेळ माइकवरून पुन्हा एकदा जाहीर केली. सगळ्यात आधी टाळ्या डेसनं वाजवल्या.

पुढच्या मंगळवारी गॅविन तलावावर गेला नाही. शर्यतीनंतर थोडी विश्रांती हवी, असं त्यानं जोसीला सांगितलं. तो रविवारी नाश्त्याला बसू लागला. अंडं तो पूर्ण शिजलेलं खातो हे जोसीच्या लक्षात आलं, आणि तो बोलत नाही हेही. तिनं दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. एप्रिलमध्ये डेसची शस्त्रक्रिया झाल्याचं कळलं. गॅविननं कार्ड पाठवलं. कार्डावर काय लिहावं हे न सुचून त्यानं नुसतं नाव लिहिलं.

मेच्या मध्यावर, तिथला हिवाळा तोंडावर आला असताना, पहिलं दव गोठलं त्या आठवड्यात, तो डेसच्या घरी गेला.

"सापडली म्हणायची वाट," दार उघडत मेरिल म्हणाली. पण तिनं त्याला आत घेतलं.

डेसला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. तो दोन कुबड्यांवर अंगण ओलांडून फाटकापर्यंत निघाला आणि गॅविन त्याच्या बाजूनं. पॉपलरची पानं सगळीकडे पडली होती, त्यावरून कुबडी घसरू नये म्हणून डेस प्रत्येक पाऊल बघून टाकत होता. फाटकाशी पोचल्यावर तो खांबाला टेकला.

"मी थांबलो नाही," गॅविन म्हणाला.

"माहीत आहे. मी तिथंच होतो."

"माझ्याकडं ट्यूब होती."

"तेही माहीत आहे."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. डेसनं त्याला हात केला.

"राग आला असेल तुला."

"आला ना. सव्वा तास बसलो होतो. समोर मेंढ्या होत्या, त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या नावगावासकट. त्यांनी ऐकून घेतलं." मग तो गॅविनकडे वळला. "तेव्हा हातात किती होतं तुझ्या?"

"मिनिट. सव्वा मिनिट."

"म्हणजे थांबला असतास तर गेलं असतं."

"गेलंच असतं."

डेसनं मान हलवली. त्यानं तो हिशेब आधीच कधीतरी केला असावा.

"मी तुला जा म्हणालो असतो," तो म्हणाला. "खरं सांगतो, गॅविन. तू नुसता वेग कमी करून विचारलं असतंस ना, देऊ का म्हणून, तर मी म्हणालो असतो, पळ, माझं बघतो मी. आणि मग संध्याकाळी हॉलमध्ये ती गोष्ट मी वीस जणांना सांगितली असती. मेरिलला कंटाळा येईपर्यंत सांगितली असती. फळ्यावरच्या नावापेक्षा ते मला बरं वाटलं असतं."

गॅविननं फाटकाची कडी उचलली आणि पुन्हा लावली.

"ते म्हणायला मिळालं नाही मला. बाकी काही नाही."

दारातून मेरिलनं हाक मारली, चहा गार होतोय. डेसनं खांब सोडला, कुबड्या काखेत नीट बसवल्या आणि घराकडे वळला.

"मंगळवारी येऊ?" गॅविन म्हणाला. "चालायला. तुझ्याबरोबर."

"बघू," डेस म्हणाला.

तो पानं चुकवत पुढे निघाला. गॅविन त्याच्या अर्धं पाऊल मागून चालत राहिला.