दमला की घ्यायचा

"अगं, उडतेस काय लगेच? दमू दे ना त्याला!"

खांबसाहेब ओरडले आणि बास्केटबॉलच्या सरावाला आलेल्या बाराही मुली फिदीफिदी हसल्या. चेंडू कसा दमेल? साडेसहा फूट उंचीमुळे तरुणपणी चिकटलेलं 'खांब' हे नाव पासष्टी उलटली तरी सुटलं नव्हतं. रिंगवरून उसळलेला चेंडू त्यांच्या आधी कोणी घेऊन दाखवावा, अशी एके काळी देशभर पैज लागायची. आता आठवड्यातून दोनदा ते या जुन्या हॉलमध्ये शिकवायला येत. आज बायको लेकीकडे गेली होती, म्हणून शहाऐंशी वर्षांच्या आईलाही सोबत आणावं लागलं. ती भिंतीलगतच्या बाकावर बसून मुलींची धावपळ बघत होती.

"वर गेलेली वस्तू खाली येण्याआधी क्षणभर थांबते," ते म्हणाले. "तिथे ती दमते. तिथेच घ्यायची. आधी उडालात तर हात रिकामा, उशीर केलात तर नुसती ढकलाढकली."

कॅप्टन मुलगी तीनदा फसली. चौथ्यांदा चेंडू अलगद तिच्या तळव्यांत आला, आणि ती स्वतःच चकित झाली.

"सर, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

उत्तर तयार होतं: आमच्या संघाचे सर. चाळीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत त्यांनी हेच सांगितलं होतं. सर देवमाणूस, यात वाद नाही. नेम, पास, शिस्त, सगळी त्यांचीच देणगी. पण ही एक करामत बघून तेही चाट पडले होते. "कुठून उचललंस रे हे?" त्यांनी विचारलं, तेव्हा "आपोआप आलं" म्हणून तरुण खांब मोकळा झाला होता.

आपोआप कसलं डोंबलाचं! आई बांधकामावर मजूर होती. ती खालून वीट फेकायची आणि परांचीवर उभा असलेला गवंडी ती वरच्या वर झेलायचा. शाळा सुटली की हाही वर चढायचा आणि विटा झेलताना बोटं सोलून घ्यायचा. "झडप घालू नकोस रे, दमली की घे!" आई खालून ओरडायची. काय दिवस होते ते! संध्याकाळी दोघं लाल धुळीने माखून, हसत हसत घरी यायची.

पुढे हा संघात गेला. तिथे सगळी डॉक्टर-वकिलांची मुलं. एकदा संघाची बस त्याच बांधकामासमोरून गेली. आईने ओळखलं, हात हलवला. हा वाकून बुटाची नाडी बांधत बसला. नाडी सुटलेली नव्हती. घरी आई त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही, पण त्या नाडीची त्यांना आयुष्यभर लाज वाटत आली.

"सर?"

"आईने," खांबसाहेब म्हणाले. "ती विटा फेकायची, मी झेलायचो. इतकी वर्षं मी सगळ्यांना खोटं सांगत आलो."

म्हातारीला ऐकू कमी यायचं.

"काय म्हणतोय गं बाळ्या?"

बाळ्या ऐकूनही कोणी हसलं नाही. कॅप्टन धावत गेली आणि तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आजी, सर म्हणतात, तुम्हीच त्यांना शिकवलंत!"

"मग? मला काय ते नवीन आहे?" म्हातारी म्हणाली.

खांबसाहेब दुखऱ्या गुडघ्याने लंगडत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"चुकलो गं आई."

तिने बाकावर थोडं सरकून जागा केली.

"बैस आधी," ती म्हणाली. "किती वेळ उभा आहेस."