होयचं बहुमत आणि रुचिराची पेटी

टक्.

दुपारची जेवणं झाली, घर निजलं, की परवापरवापर्यंत हा आवाज व्हायचा आणि मागोमाग घूं सुरू व्हायची. दचकू नका मित्रांनो, ती मी. मागच्या पडवीत, पाण्याच्या पिंपाशेजारी उभी आहे ना, तीच पांढरी पेटी. दुकानात मला डीप फ्रीझर म्हणत. इथे गुहागरजवळच्या वाडीत, जिथे घरटी एक माणूस होडीवर असतो, तिथे मला नुसतं पेटी म्हणतात. आता वय झालंय. कडेचा रबर सैल आहे, एक चाक केव्हाच गेलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते नीट आठवत नाही. पत्रा वाकवला, आत फोम भरला, पोटाखाली कॉम्प्रेसर बसवला आणि कुणीतरी हात घालून म्हणालं, "होतेय गार." एवढंच आठवतं. मग मी चिपळूणला एका आईसक्रीमच्या दुकानात गेले. तिथे माझं फार कौतुक झालं. पोरं टाचा उंचावून आत डोकवायची आणि माझा गारवा तोंडावर घेऊन उगाचच हसायची. झाकणावरचं आईसक्रीमच्या कोनाचं चित्र अजून अर्धं शिल्लक आहे.

मग एका पावसाळ्यात नदी दुकानात आली. मी तरंगले. हो, पेट्या तरंगतात. पाणी उतरलं तेव्हा मी दारात आडवी पडले होते, पोटात चिखल. मालकाने नवी पेटी आणली आणि मला गोदामात, पोत्यांखाली ढकललं. तिथे किती काळ गेला कुणास ठाऊक. अंधारात काळ मोजता येत नाही.

रुचिरा मला बघायला आली तेव्हा तिच्या कडेवर चिमा होती, तिची लेक. इतर गिऱ्हाईक आधी वायर बघतं. हिने झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि वास घेतला. म्हणाली, "धुतली की जाईल." मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलला आणि मी टेम्पोतून समुद्राकडे निघाले.

घरी रुचिराची सासू गोदा दारातच उभी होती. सगळं आयुष्य तिने बाजारात ताजी मासळी विकली होती.

"काय गो, मासळी म्हणजे काय आईसक्रीम हाय?"

"आई, बघा तर खरं."

"बघतंय. मढं ठेवायची पेटी आणलीस घरात."

पण मित्रांनो, त्या घराला माझी गरज का होती ते ऐका. होड्या सगळ्या एकाच वेळी बंदरात लागतात. रुचिराने होड्यांवरून घेतलेली मासळी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दलाल महिपत आपला खरेदीचा भाव बोलायचा आणि गप्प उभा राहायचा. महिपत काही वाईट माणूस नव्हता. त्याला थांबता यायचं, रुचिराला येत नव्हतं, एवढाच फरक. मी आल्यावर तिलाही थांबता येऊ लागलं. सुरमई, सरंगे, कोलंबी माझ्या पोटात ठेवायची आणि शनिवारी पर्यटक आले की लॉजवाल्यांना आपल्या भावाने द्यायची.

"काय वहिनी," महिपत बंदरावर टोमणा मारायचा, "आजपण बँकेत टाकणार वाटतं?"

"टाकते की. तुम्ही बसा वारा खात."

ती हे हसत हसत गोदाला सांगायची आणि गोदा तोंडाला पदर लावून हसायची. हळूहळू गोदाच शेजारणींना सांगू लागली, "आमची पेटी." मला बरं वाटायचं. यंत्राला बरं वाटतं की नाही, हे मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगून टाकते.

रुचिराचा नवरा रघू ट्रॉलरवर असे. गेला की बरेच दिवस येत नसे. आला की पहिला दिवस चिमा त्याला बुजायची, दाराआडून बघायची. तो नुसता बसून राहायचा, ती जवळ येईपर्यंत. पूर्वी तो पलीकडच्या गॅसवरच्या वीज प्रकल्पात पाइप फिटरच्या हाताखाली कंत्राटावर होता. तिथलं काम कमी झालं, तसा तो समुद्रावर गेला. आमच्या मागच्या दारातून प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. घरी असला की चहा घेऊन तो तिकडेच तोंड करून बसतो.

अशात बातमी आली की मुंबईला विधानसभेत विजेचं एक विधेयक यायचंय. गॅसवरची वीज महाग पडते, तरी सरकारने ती घ्यावी, म्हणजे असे प्रकल्प पुन्हा पूर्ण चालतील. आणि तो वाढीव खर्च धंद्याच्या जोडण्यांवर टाकावा. घरात धंदा असेल तर घराच्या मीटरलाही धंद्याचाच दर.

"झालं ना, तर मला परत बोलावतील," रघू म्हणाला. "रोज घरात जेवायला असेन."

"आणि पेटी?"

"पेटीचं बघू."

"बघू म्हणजे काय?"

रघू वर कौलांकडे बघत राहिला. ती दोघं भांडली नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं, असं गोदा नंतर पिंपाशी पाणी घेताना पुटपुटली.

विधेयकावर मतदान होतं त्या दिवशी रघूची ट्रॉलर इंजिनाच्या दुरुस्तीसाठी धक्क्यावर होती. सगळी पडवीत जमली. मोबाइलवर विधानसभा लावली आणि तो माझ्या झाकणावर, पिंपाला टेकवून उभा केला. कुणीतरी लांबलचक बोलत होतं. माझ्या घूंमुळे ऐकू येईना, तेव्हा गोदाने उठून माझं बटण बंद केलं. माझ्याविषयी मुंबईत काय चाललंय ते मी असं मुकाट्याने ऐकलं.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे," अध्यक्ष म्हणाले.

"होय!"

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

"नाही!"

"होयचे बहुमत... होयचे बहुमत. विधेयक संमत झाले."

"झाला?" गोदाने विचारलं. "अगो, आमच्या लिलावात एका पाटीला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो!"

"पण नाहीवाले मोठ्यानं ओरडले," चिमा म्हणाली. "मी ऐकलं."

रघूच्या चेहऱ्यावर हसू येऊ बघत होतं आणि तो ते खाली मान घालून लपवत होता. रुचिराने ते पाहिलं. तिने मोबाइल उचलला, माझं बटण पुन्हा चालू केलं आणि म्हणाली, "कोलंबी पाणी सोडेल."

पुढे दोन्ही गोष्टी झाल्या. रघूला कंत्राटदाराचा फोन आला. तो आता रात्री घरी असतो आणि चिमा त्याच्या पाठीवर चढून घरभर हिंडते. दाराआड कुणी लपत नाही. आणि विजेचं नवं बिल आल्यावर रुचिराने माझ्यात नवी मासळी ठेवली नाही. जी होती ती संपवत आणली. मग एका सकाळी ती बंदरावरच मासळी विकायला गेली. महिपतने भाव सांगितला आणि गप्प उभा राहिला. ती "घ्या" म्हणाली. तो काही टोमणा मारेल असं तिला वाटलं होतं. त्याने मारला नाही. तेच तिला जास्त लागलं, असं तिने घरी येऊन गोदाला सांगितलं.

आज मी रिकामी आहे. रुचिराने मला आतून लिंबाच्या सालीने घासलं, फडक्याने कोपरे कोरडे केले आणि झाकणाच्या फटीत नारळाची करवंटी अडकवली. मित्रांनो, एवढं एक मात्र माझं ऐका. तुमच्या घरातलं एखादं यंत्र थांबलं, तर थांबू द्या. पण त्याचं झाकण घट्ट लावून विसरू नका. आतला ओलावा आतच कुजतो, वास धरतो आणि मग पुन्हा कामाला लावायची वेळ आली तरी कुणाला जवळ जाववत नाही. थोडी फट ठेवा. वारा जाऊ दे. मी गोदामातून आलेली आहे, म्हणून सांगते.

चिमा शेजारी उभी राहून बघत होती. बाहेरून रघूची शीळ ऐकू येत होती. तो जेवणाचा डबा घासून उन्हात उपडा घालत होता. रुचिराही ती शीळ ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात माझ्या कडेवर फिरत होता, पुसून झालेली जागा पुन्हा पुसत.

"आई," चिमाने विचारलं, "त्या दिवशी तुला विचारलं असतं, तर तू काय ओरडली असतीस? होय का नाही?"