मागची जागा

मोठ्या बाईंनी काठीचे टोक मातीच्या गाडीच्या पाठीत रोवले आणि सर्वांच्या देखत आत दाबले.

"इथे," त्या म्हणाल्या. "इथे माणसं बसतील."

नव्या गाडीचा मातीचा नमुना जिथे घडत होता त्या नमुनाघरात कोणी हलले नाही. ती माती भट्टीत ऊन करून लाकडी गाभ्यावर लेपावी लागते, आणि मग पात्याने केसाकेसाने तासावी लागते. हे काम करणाऱ्या वयस्क कारागिराला सारे मातीवाले म्हणत. त्या पाठीचा बाक साधण्यात मातीवाल्यांनी अख्खा हिवाळा घातला होता. त्यांनी नव्या खड्ड्याकडे एकदा पाहिले आणि हातातले पाते खिशात ठेवून दिले.

धाकटी पुढे आली. ती बाईंची लेक, आणि या गाडीची मुख्य रचनाकार. कारखान्याने आजवर रुंद, भारदस्त, कुटुंबवत्सल गाड्या काढल्या होत्या. ही पहिलीच गाडी लहान, वेगाची, उघड्या छपराची. अंगाने सडपातळ असूनही थाटात कुठे कमी नाही अशी. तिच्यात दोनच जागा होत्या.

"आई, तिथे छप्पर दुमडून बसतं," धाकटी म्हणाली. "तिथे माणूस बसवला तर छप्पर कुठे ठेवू? त्याच्या मांडीवर?"

मातीवाल्यांना खोकला आला. बाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, तसा त्यांचा खोकला बरा झाला.

"दोन माणसांची गाडी म्हणजे घर सोडून पळणाऱ्यांची गाडी," बाई म्हणाल्या. "आपण असल्या गाड्या काढत नाही."

"लोक हौसेने घेतील गं."

"हौस काय एकट्यानं करायची असते? आणि गाडी निघाली की पहिल्या फेरीला मी कुठे बसायचं, टपावर? तो तर तू आधीच काढून टाकलास."

थोरला, म्हणजे बाईंचा मुलगा, विक्रीचे खाते सांभाळत असे आणि उरलेला वेळ दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा असे. तो म्हणाला, "आईचंही खरं आहे. म्हणजे, हिचंही खोटं नाही."

"तू गप्प बस," दोघी एकदमच म्हणाल्या.

कोपऱ्यात एक लाकडी सांगाडा होता: प्लायवूडचे दार, दोन आसने, सुकाणूचे चाक. बसणाऱ्याला गुडघा कुठे लागतो, हात कुठवर पोहोचतो, ते आधी अशा सांगाड्यात बसून पाहतात. धाकटीने त्याचे दार उघडून धरले.

"एकदा बसून तर बघ. चालवणाऱ्याच्या शेजारी. एवढंच मागते."

"मी पुढे बसत नाही. तुला ठाऊक आहे."

ते साऱ्यांनाच ठाऊक होते. का, ते मात्र फक्त बाईंना ठाऊक होते. कारखान्याची पहिली गाडी निघाली तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. नवऱ्याशेजारची जागा सासूबाईंनी घेतली आणि सुनेला मागे, फराळाच्या डब्यांशेजारी बसवले. पुढली गाडी निघाली तोवर सासूबाई राहिल्या नव्हत्या. नवऱ्याने मोठ्या हौसेने पुढचे दार उघडले. बाई त्याच्यासमोरून गेल्या आणि मागे जाऊन बसल्या. त्या दिवसापासून मागची जागा मालकिणीची ठरली. पुढे बसायचे ते हुकूम झेलणाऱ्यांनी. नवऱ्याच्या पश्चात कारखाना त्यांनी तिथूनच चालवला, आणि प्रत्येक नव्या गाडीची पहिली फेरी त्यांना मागे बसवून व्हायची हा दंडक पडला.

धाकटीने दार लोटून दिले.

"ठीक आहे. तू म्हणतेस तशी गाडी करते. पण ही रस्त्यावर आली की मी निघणार."

"कुठे?"

"जिथे दोघांची गाडी करतात तिथे."

"जा की. कोणी धरून ठेवलंय?" बाई म्हणाल्या आणि काठी मातीतून उपसून घेतली.

त्यानंतर धाकटीने एकदाही वाद घातला नाही. बाईंना तिचा त्रागा ओळखीचा होता. लहानपणीही ती चपला घालून फाटकापर्यंत जायची आणि भूक लागली की परत यायची. घरी ताटावर बसल्यावर ती "हो" म्हणे, "बघते" म्हणे, भाजी पुढे सरकवी. बाईंनी बहिणीला फोनवर सांगितले, "पोरीने ऐकलं हो अखेर. जरा ताठ आहे, पण माझ्याच पोटची ना."

नमुनाघरात मात्र गाडी आखडत गेली. मागे दोन जागा करायच्या म्हणून पुढची आसने पुढे सरकली. धातूच्या छपराला दुमडून बसायला जागा उरली नाही. त्याच्या ऐवजी कापडी आले, तेही पुरते आत जाईना आणि पाठीवर कुबड धरून बसे. मातीवाले ते कुबड तासत राहिले. पाते थांबवून ते एकदा धाकटीला म्हणाले, "ताई, हिला आता काही केलं तरी पोक जायचा नाही."

"राहू द्या," ती म्हणाली. "वरून हुकूम आहे."

पहिल्या फेरीच्या दिवशी कारखान्यामागच्या चाचणीच्या रस्त्यावर सारे जमले. गाडी गर्द हिरव्या रंगाची होती. लांबून देखणी दिसे; जवळ गेले की डोळा कुठेतरी अडखळे. बाईंनी इस्त्रीची रेशमी साडी नेसली होती. पुढचे आसन वाकवून थोरल्याने त्यांना आत घेतले. त्यांचा उजवा गुडघा बरीच वर्षे वाकत नव्हता, आणि मागे पाय लांब करण्याएवढी जागा नव्हती. त्या तिरप्या बसल्या. काठी कुठेच मावेना, ती त्यांनी छातीशी धरली.

"बरं बसलीस ना?" थोरल्याने विचारले.

"मला काय झालंय! चल."

थोरल्याने सुकाणू धरले, धाकटी त्याच्या शेजारी बसली. छप्पर मागे गेले आणि गाडी निघाली.

पहिल्या वळणापर्यंत बरे चालले होते. मग वेग वाढला आणि वारा मागे येऊन कोसळला. पुढे काचेच्या आडोशाला धाकटीच्या केसांची एक बटही हलत नव्हती. मागे बाईंचा पदर तोंडावर आदळत होता.

"हळू घे," त्या म्हणाल्या.

कोणी वळून पाहिले नाही.

"अरे, हळू घे म्हणते ना!"

थोरला काहीतरी बोलला, धाकटी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बाईंना तिचा गाल दिसत होता, ओठ हलताना दिसत होते. ऐकू काहीच येत नव्हते. आपला आवाज तोंडातून निघताच मागच्या मागे उडून जातो आहे, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आले. ज्या आवाजाला सारा कारखाना उठून उभा राहत असे, तो हाताच्या अंतरावर पोहोचत नव्हता.

त्यांनी काठीवरची पकड घट्ट केली. मग पुढच्या आसनाच्या पाठीकडे पाहत, नेहमीपेक्षाही हळू, त्या म्हणाल्या, "जाऊ नकोस गं."

वाऱ्याने तेही नेले.

गाडी थांबल्यावर धाकटी मागे वळली. "मघाशी काही म्हणालीस का? आरशात तोंड हलताना दिसलं."

सारे टाळ्या वाजवत जवळ येत होते. बाईंनी पदर नीट केला.

"वारा फार लागतो मागे," त्या म्हणाल्या.

"लागतोच," धाकटी म्हणाली.

बाहेर निघताना गुडघ्यातून कळ गेली, पण बाईंनी कोणाचा हात घेतला नाही. लोक फोटो काढण्यात गुंतले तशा त्या एकट्याच नमुनाघरात आल्या. टेकायला खुर्ची दिसेना. लाकडी सांगाडा मोडीत काढण्यासाठी दाराशी ओढून ठेवलेला होता. बाईंनी इकडेतिकडे पाहिले, आणि कोणी नाही असे बघून चालवणाऱ्याच्या शेजारच्या आसनावर बसल्या.

बसायला वाकावे लागले नाही. आसन नेहमीच्या गाड्यांपेक्षा वीतभर उंच होते. उजवा पाय आपोआप सरळ पुढे गेला, आणि पायाखालच्या फळीला एक उतरती पाचर होती, तिच्यावर टाच टेकली. गुडघ्यातली कळ हळूहळू उतरली. सवयीने त्यांनी काठी शेजारी ठेवली. ती घसरून पडेल म्हणून हात तयारच होता. काठी पडली नाही. दाराच्या कडेला एक अरुंद, खोल खाच कोरलेली होती. आतून मऊ कातडे लावलेले. काठी तिच्यात उभी राहिली, वाकडी मूठ बरोबर हाताखाली.

बाई त्या मुठीकडे पाहत राहिल्या.

"निघते मी," दारातून धाकटी म्हणाली. खांद्याला पिशवी होती. ती आत आली आणि आई कुठे बसली आहे ते पाहून जागीच थांबली. तिची नजर काठीवर गेली.

"ही खाच..." बाई म्हणाल्या.

"मी म्हटलं होतं, एकदा बसून बघ."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना त्याला उत्तर देता आले असते. धाकटीने खाली वाकून आईच्या टाचेखालची पाचर थोडी आत सरकवली, सैल झाली होती ती, आणि उठली.

"गोळ्या वेळेवर घे."

"तू नको शिकवूस मला."

"नाही शिकवत," ती म्हणाली आणि गेली.

तिच्या चपलांचा आवाज फरशीवरून मग पायऱ्यांवरून उतरत गेला. या वेळी वारा नव्हता. नमुनाघर इतके शांत होते की साध्या आवाजात हाक मारली असती तरी फाटकापर्यंत पोहोचली असती. बाईंनी तोंड उघडले, आणि मिटले. बाहेर मोटार सुरू झाली.

थोड्या वेळाने मातीवाले आत आले. त्यांच्यामागे करवती घेतलेली दोन माणसे होती.

"बाई," ते अवघडून म्हणाले, "हा सांगाडा आज मोडायचा होता. माणसं आलीत."

"मग मोडा," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.