शाल, श्रीफळ आणि रिकामं खुराडं

मित्रांनो, मी एक जुनी उबवणी-पेटी आहे आणि आधीच सांगते, मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा फार समजूतदार असतात. झिजलेली चप्पल, मोडकी छत्री, सगळ्या कशा गोड बोलून निरोप घेतात. मला ते जमायचं नाही. माझ्या अंगावर बोटभर धूळ आहे, दाराची एक बिजागरी निखळली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुनं झालं की अडगळीत जायचंच. माझा राग दोन माणसांसाठी आहे आणि त्यांच्या कोंबड्यांसाठी आहे.

माझा जन्म एकोणीसशे एक्याण्णव सालचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. रफिक मिस्त्रींनी मला घडवलं. लाकडाच्या दुहेरी भिंती आणि मधल्या पोकळीत ठासून भरलेलं भाताचं तूस, असं माझं अंग. आत अंड्यांचे कप्पे, गरम होणारी तार, एक छोटा पंखा आणि पारा दाखवणारी काचेची नळी. मला टेम्पोत चढवताना मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लाईट गेली तरी ही बया लगीच गार हुणार न्हाय. दमानं हुईल." हे माझं पहिलं कौतुक. त्याचा मला अजून अभिमान आहे.

शहराबाहेरच्या कुक्कुट संशोधन केंद्रात मी आले. तिथं मला दोन शास्त्रज्ञ भेटले. डॉक्टर गणपती शिंगे कोंबड्यांच्या पैदाशीचे जाणकार होते. कुठल्या कोंबड्याबरोबर कुठली कोंबडी ठेवायची, हे ते ठरवायचे. डॉक्टर नसरीन मुल्लाणी कोंबड्यांच्या रोगांच्या तज्ज्ञ. सगळे त्यांना सर आणि मॅडम म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते.

त्यांचं स्वप्न ऐकायला साधं होतं. पिंजऱ्यातली कोंबडी अंडी भरपूर देते, पण मलकापूरकडचा पाऊस दोन दिवस अंगावर आला की मान टाकते. गावठी कोंबडी चिवट, पण अंडी देताना हात आखडते. सर-मॅडमना परसात राहणारी, उकिरडा उकरून पोट भरणारी, मानमोडीच्या साथीत तग धरणारी आणि तरीही मनापासून अंडी देणारी कोंबडी हवी होती. त्यासाठी दरवर्षी सगळ्या कळपातून सर्वांत चांगल्या कोंबड्या आणि कोंबडे निवडायचे, त्यांची अंडी माझ्यात ठेवायची, पिल्लं वाढवायची आणि पुन्हा निवडायचं. कोंबडीला घाई करता येत नाही, मित्रांनो. एका पिढीला वर्ष जातं. प्रत्येक पक्ष्याच्या पंखात नंबराचा बारीक पत्र्याचा बिल्ला असायचा. सरांना तो वाचावाही लागत नसे, चालीवरून ओळखायचे.

निवडीच्या वेळी दोघं माझ्यासमोरच भांडायचे. एकदा मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा हा कोंबडा दिसायला देखणा हाय, पण छातीत घरघर हाय त्याच्या. काढा त्याला."

"आता कोंबड्यांची लग्नं पण तुम्हीच ठरवा, मॅडम!"

"ठरवतेच की. मुलाकडची माणसं खोटं बोलत्यात."

लोडशेडिंगच्या दिवसांत मॅडम गरम पाण्याची भांडी माझ्या पोटात ठेवायच्या. पाऱ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. अंडं उचलून स्वतःच्या मिटलेल्या पापणीला लावायच्या आणि ऊब बरोबर आहे की नाही ते सांगायच्या. माझ्या दारातून बाहेर पडलेली पिल्लं शाहूवाडी, आजरा, कुठंकुठं बायकांच्या परसात गेली. त्या बायका अधूनमधून केंद्रात यायच्या आणि भर पावसात अंडं दिलं म्हणून सांगायच्या. सर ऐकून नुसते हं म्हणायचे, पण दिवसभर गुणगुणत असायचे.

वरचे लोक मात्र कधी फिरकले नाहीत. फिरकले तर हसले. कोंबडीवर कसलं आलंय संशोधन, कापायची अन् खायची, असं माझ्या कानांनी ऐकलंय मी. आंबा शोधणाऱ्याला बक्षीस, ऊस शोधणाऱ्याला बक्षीस आणि कोंबडी सुधारणाऱ्याला चेष्टा! का हो? अंडं काय आभाळातून पडतं?

दोन हजार चार साली दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले. केंद्रात संग्राम साहेब नवे प्रमुख होऊन आले होते. तरुण, उत्साही, मोठ्या आवाजाचे. त्यांनी ठरवलं, सर-मॅडमचा असा सत्कार करायचा की जिल्हा बघत राहील. माणूस वाईट नव्हता. तेच तर मला जास्त चिडवतं. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं तरी होता येतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीसमोरच्या अंगणात मांडव उभा राहिला. माईकवाला माझ्या खोलीत आला, इकडंतिकडं बघितलं, माझी पिन उपसली आणि आपली लावून निघून गेला. माझ्या पोटात अंडी होती! दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती, आत हालचाल सुरू झाली होती. पण पेटीला कुठं ओरडता येतं?

मग खुराड्यापाशी आवाज ऐकू आले. कोंबड्या सांभाळणारे सयाजी हात पसरून दारात उभे होते. "साहेब, ह्या पैदाशीच्या हायत. विकायला काढलेलं कोंबडं मागच्या शेडात हायत, ते न्या."

"मागची किडमिडीत हायत, सयाजी," संग्राम साहेब म्हणाले. "आज सत्कार कुणाचा हाय? सर-मॅडमचा! मग त्यांनी घडवलेली कोंबडी पावण्यांच्या ताटात नको व्हय? आपल्या कोल्हापुरात रश्श्याबिगर सत्कार हुतो काय? बाहेरची ब्रॉयलर वाढली तर लोकं तोंडात शेण घालतील. सरा बाजूला."

सयाजी सरले. साहेबांपुढं नोकरमाणूस किती वेळ उभा राहणार?

सर-मॅडम आले ते थेट मांडवात. बाईमाणसाला फेटा बांधायचा की नाही, यावर कुजबुज झाली. मॅडम म्हणाल्या, "बांधा की, डोकं मलाबी हाय." दोघांना फेटे बांधले, शाली पांघरल्या, श्रीफळ दिलं. प्रमुख पाहुणे बराच वेळ उसाच्या दरावर आणि स्वतःच्या कुस्त्यांवर बोलले. सरांना ते 'अंडीवाले साहेब' म्हणाले आणि लोक हसले. सरही हसले, मला ते बघवलं नाही.

मग पंगत बसली. सत्कारमूर्ती म्हणून पहिला पांढरा रस्सा सर-मॅडमच्या पुढ्यात आला. सरांच्या वाटीत पंखाचा तुकडा होता. गावठी पद्धतीनं कातडीसकट भाजलेला, घाईघाईत कापलेला. सरांच्या बोटाला काहीतरी टोचलं. त्यांनी ते अंगठ्यानं पुसलं. पत्र्याचा बिल्ला होता. त्यांनी नंबर वाचला आणि बिल्ला मॅडमच्या ताटाशेजारी ठेवला.

"सर, हे..."

"आपली हाय, मॅडम."

संग्राम साहेब हसत हसत वाकले. "कशी लागली, सर? तुमचीच हाय!"

"खुराड्यात किती राहिल्यात?" सरांनी विचारलं.

"पावणं वाढलं हो, सर. पावण्यांच्या गाड्याच चार-पाच आल्या. मग काय, सगळ्याच..."

तेरा पिढ्यांची निवड दुपारच्या एका पंगतीत संपली, मित्रांनो. संपली आणि वर लोकांनी बोटं चाटली. सर ओरडले नाहीत. मी असते तर मांडव डोक्यावर घेतला असता.

मॅडमना माझी आठवण झाली. "पेटीतली अंडी!" म्हणत त्या फेट्यासकट धावत आल्या, मागोमाग सर. दार उघडलं, बघतात तर आत अंधार, पंखा बंद. "मेल्यांनो, पिन कुणी काढली ही?" त्यांनी एक अंडं पापणीला लावलं. "सर, कोमट हाय! अजून कोमट हाय!"

बाहेर माईकवर कुणीतरी देणगीदारांची नावं वाचत होतं. सरांनी ती पिन खसकन उपसली. नावं मध्येच थांबली. मग माझी पिन लावली, अंगावरची शाल काढून मला गुंडाळली. मॅडमची शाल, दोघांचे फेटे, सगळं माझ्या अंगावर आलं. सत्काराचं कापड त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं.

निम्मी अंडी गेली. मूठभर पिल्लं निघाली. दुसऱ्याच दिवशी संग्राम साहेबांनी रिकाम्या खुराड्याला मोठं कुलूप लावलं. बैल गेला आणि झोपा केला! सर-मॅडम आता निवृत्त. तरी रोज बसनं येऊन पिल्लांना चारा-पाणी करायचे. पिल्लं मोठी झाली तसं कळलं, जगल्या त्या चार माद्याच, पैदाशीला धड असा एकही कोंबडा नव्हता. मागच्या शेडातले निवडीत नाकारलेले आणि परसात दिलेले कोंबडे बहुधा सणावाराला कापलेले. कोंबड्याशिवाय पुढची पिढी कुठून येणार? ज्यासाठी जन्म घालवला, ते या चार माद्यांबरोबर म्हातारं होऊन संपणार होतं.

आणि एका सकाळी मलकापूरकडच्या एक बाई दारात आल्या, मीनाबाई त्यांचं नाव. काखेत टोपली, टोपलीवर लुगड्याचं फडकं.

"सर, सयाजी बाजारात भेटला. सांगत हुता सगळं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमचा सत्कार झाला न्हाय अजून. आपुन करू या." त्यांनी फडकं काढलं. आत तांबूस रंगाचा, ताठ मानेचा कोंबडा होता. केंद्रानं दिलेल्या पिल्लांतलाच.

"जावई आलता, म्हटला, मामी, कापा की ह्यो. म्हटलं, ह्यो न्हाय. ह्यो सरांचा हाय. आमटी-भात खा आणि गप झोप."

कोल्हापूर जिल्ह्यात जावयाला आमटी-भातावर झोपवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. सरांनी कोंबडा दोन्ही हातांत घेतला आणि मांडवात हसणारा तो माणूस माझ्या दाराशी खाली बसून रडला. मॅडम उभ्या राहून भिंतीकडं बघत होत्या.

त्या कोंबड्याची पिल्लं माझ्याच पोटातून निघाली. पुढं चकचकीत नवी यंत्रं आली आणि मी इथं अडगळीत आले, ते ठीकच आहे. कार्यालयात मात्र त्या दिवसाचा फोटो अजून टांगलेला आहे म्हणे, फेटे, शाली, सगळं. त्याखाली लिहिलंय, 'थोर शास्त्रज्ञांचा यथोचित गौरव.' यथोचित! ते वाचणाऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही, त्यांच्या कोंबड्यांचं पुढं काय झालं?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मांडव घालाल, सत्कार कराल. जरूर करा. पण आधी त्या माणसाच्या कामाच्या जागी जा. तिथं काय वाढतंय, ते डोळ्यांनी बघा. तो घरी गेल्यावर त्याच्या त्या कामाला दाणापाणी कोण घालणार, ते ठरवा. आणि ते ठरलं नसेल, तर शाल दुकानातच राहू द्या.