टायटनवरचं तळं आणि असोद्याची रत्ना

असोद्यात किरणचा सत्कार होता आणि तिच्या काकू सुमनबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पुतणीने शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावरचं एक तळं रडारच्या चित्रांतून हुडकलं होतं. पाण्याचं नव्हे हो, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या भाऊबंदांचं, तिथल्या कडाक्याच्या थंडीने पातळ झालेल्या!

ओवाळायला पाच सवाष्णी उभ्या राहिल्या. किरणची विधवा आई, रत्ना, नकळत ताटाकडे सरकली.

"तू कायले पुढे येती व?" सुमनबाई सगळ्यांसमोर खेकसल्या. "नवऱ्याले खाल्लं, आता पोरीचं चांगलं पाहवत नाही का? जाय, मांगे बस!"

दोघी-चौघी हसल्या. रत्ना गुमान मागे गेली. ती कधीच उलटून बोलत नसे; म्हणून सुमनबाई खुशाल म्हणायच्या, हिला मेलीला काही वाटतच नाही.

किरणने हे पाहिलं. ओवाळायला आलेल्या बायकांना तिने थांबवलं आणि माईक हातात घेतला.

"तळं कसं सापडलं, सांगते. रडारची लहर खडबडीत जमिनीवर आपटली की थोडी परत येते. शांत तळ्यावरून ती भलतीकडेच निसटते, आपल्यापर्यंत काही येत नाही. चित्रात तेवढी जागा नुसती काळी दिसते. काकू, माझी आई उत्तर देत नाही म्हणून ती रिकामी, असं तुम्ही ठरवून टाकलंत! आतून ती किती भरलीये, हे इतक्या वर्षांत एकालाही दिसू नये? मला आईच ओवाळेल. नाहीतर सत्कार राहू द्या!"

सुमनबाईंना एकदम उमगलं. अरे देवा, काय करत आलो आपण! ताट घेऊन त्या थेट रत्नाकडे गेल्या.

"चुकलं माहं, रत्ना. घे, ओवाळ पोरीले."

रत्नाने दोन्ही हात पदराखाली लपवले.

"नको अक्का. माह्या हातानं पोरीचं वाईट होईन. तुम्हीच सांगत आल्या ना?"

हा टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं! किरणने विनवलं, सुमनबाई पाया पडल्या. रत्ना ताटाला शिवली नाही. किरण तशीच, ओवाळून न घेता पुण्याला परत गेली.

सुमनबाई आता कुठल्याच विधवेला मागे बसवत नाहीत. रत्ना मात्र स्वतःहून मागे बसते. वाचकहो, कुणी गप्प बसतं म्हणून त्याला लागत नाही, असं समजू नका. एखाद्याला रोज अपशकुनी म्हणत राहिलात, तर एक दिवस तुम्ही थांबाल, पण तोवर ते माणूसच स्वतःला तसं म्हणायला लागलेलं असेल.