शेपटीचा सूर

कुरिओ हा चिमणीएवढा पक्षी, काळ्या अंगाचा, तांबूस पोटाचा. मुलूख बदलला की त्याचं गाणं बदलतं, आणि सांतोस बंदरातल्या पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धेत चालतो तो फक्त किनाऱ्याचा सूर. बेलार्मिनोचं तर घरच त्या सुरावर चालायचं. त्याच्या 'सम्राट' नावाच्या कुरिओनं पिल्लूपणापासून किनाऱ्याच्या गाण्याची टेप सोडून दुसरं पाखरू ऐकलं नव्हतं. खिडक्या बंद. टीव्हीवर रान दिसलं की आवाज बंद. दूर उत्तरेच्या बाहियाहून सून आली, झुरेमा, तिला त्यानं दारातच बजावलं, "इथं शीळ घालायची नाही हं, पोरी. तुमच्याकडची पाखरं गाण्याला शेपूट लावतात. एकदा लागली की पाखरू बाद!"

या रविवारी स्पर्धेत सम्राट जिंकला, तर किनाऱ्यावरची नवी पिल्लं त्याचंच गाणं ऐकून शिकणार होती. बेलार्मिनोला आयुष्यात एवढंच हवं होतं.

सम्राट गायला. खणखणीत, एकेक सूर जागच्या जागी. परीक्षक मान डोलवू लागले. आणि शेवटी... टुई, टुई, चिर्रर्र.

परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"काय रे बेलार्मिनो," त्याचा जुना वैरी ओस्वाल्दिर म्हणाला, "सम्राटाचं आजोळ बाहियाचं का?"

लोक फिदीफिदी हसले. बेलार्मिनोनं पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि तडक घर गाठलं.

"कोणी शिकवलं याला? खरं सांग!"

झुरेमा चक्रावली. "बाबा, तुम्हीच की!"

"मी?"

"रोज सकाळी कॉफी गाळताना शीळ घालता ना. शेवटची ती शेपूट अगदी आमच्या गावची. मला वाटलं, सुनेला करमावं म्हणून मुद्दाम घालता. मी काही बोलले नाही. म्हटलं, लाजाल."

बेलार्मिनोची नजर कॉफीच्या गाळणीकडे गेली. कॉफी गाळताना अशी शीळ घालायची ती त्याची आई; तिचीच त्याच्या ओठी बसली होती. आई सांतोसचीच, असं त्यानं जन्मभर सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. पण ती मुळात कुठली, हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं.

"झुरेमा," तो पुटपुटला, "उद्यापासून कॉफी तू गाळ."

आणि ओठ घट्ट मिटून घेतले. कापडाखालून मात्र सम्राट बोलला: टुई, टुई, चिर्रर्र.